भिंतीवर नसलेले सहा दिवे

कुंडल,
२० जानेवारी २०२५

नानामामा,

पाया पडते. फोन का केला नाही म्हणून रागावू नका. एक तर मेढ्याला तुमच्या घरात रेंज येत नाही. तुम्ही फोन घेऊन परड्यातल्या फणसाखाली उभे राहणार आणि अर्धं बोलणं वाऱ्यावर जाणार. दुसरं म्हणजे हे कंट्रोल रूममधून बोलायचंच नाही असं मी ठरवलंय. इथं हल्ली कोण कुणाचं ऐकतंय सांगता येत नाही. फौजेत असताना तुम्ही आईला पत्रं लिहायचात, आता मी तुम्हाला लिहिते.

आमच्या पाणीपुरवठा संस्थेत तुम्हीच दिवाळीआधी नवी यंत्रणा बसवून दिलीत. नदीचं पाणी पंपानं उचलायचं, पाइपातून शेताशेताला द्यायचं आणि जागोजागच्या मीटरवर एका खोलीत बसून लक्ष ठेवायचं. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर एक्केचाळीस मीटरचे एक्केचाळीस दिवे. ठीक असेल तर हिरवा, गडबड असेल तर लाल, आणि वर भोंगा. मी आणि ऋषिराज दोघं त्या भिंतीसमोर बसतो.

आता पुढचं ऐका. दोन महिने झाले, सकाळी साडेसहाच्या सुमाराला भोंगा वाजतो आणि भिंतीवर एकही दिवा लाल नसतो. मिनिटभर बोंबलतो आणि गप होतो. ऋषिराज म्हणतो, त्याला न्याहारीची भूक लागते. मला काही हसू येत नाही. परवा लाइट गेली. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तेव्हा कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ येऊन गेली: लक्ष ठेवलेली ठिकाणं, सत्तेचाळीस. डोळे चोळून मी तो परत बंद केला, परत चालू केला. सत्तेचाळीसच.

मग हे सहा कोण, मामा? यंत्र कुणावर डोळा ठेवून आहे आणि आम्हाला का दाखवत नाही?

नुसतीच शंका असती तर पत्राला शाई घातली नसती. शेवटच्या टोकाच्या बावीस शेतांना पाणी पुरत नाही. मधेच कुठंतरी जातंय. आणि सगळं गाव कोंडीबाकडं बोट दाखवतंय. तुम्ही त्याला बघितलंय, आमचा व्हॉल्व्हमन, पूर्वेच्या दुष्काळी भागातून मेंढ्या घेऊन आला आणि वीस वर्षं इथंच राहिला. तो आणि रंगुबाई संस्थेच्या खोलीत राहतात. मॅनेजर म्हणतो, चोरी सापडली नाही तर खास सभा घेऊन कोंडीबालाच काढायचं. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं. आबा तर जेवताना रोज तेच काढतात, म्हणतात त्याच्या मेंढ्या बघा कशा तुकतुकीत झाल्यात. मला खरं काय ते कळल्याशिवाय राहवणार नाही. लवकर लिहा.

तुमची,
शिवांजली


मेढा,
२७ जानेवारी

चि. शिवे,

आशीर्वाद. पोस्टमन पत्र घेऊन आला तवा तुझी मामी म्हनली, भाचीचं लगीन ठरलं वाटतं. वाचून बघतो तर भोंगा.

लय डोकं चालवू नगं. ही यंत्रणा आपल्या आपण शोधत हिंडती. लाइनीवर कुणीबी हुंकार दिला की त्येला धरती आन लक्ष ठिवती, यादीत कुणी लिवायची गरज न्हाई. त्यात ती सोताला मोजती, प्रिंटरला मोजती, राऊटरला मोजती, भोंग्यालाबी मोजती. हे झालं तुझं सहाचं गणित. भोंगा वाजतो तो दाब कमीजास्त झाल्यावर. पंप सकाळी सुरू हुतोय, तवा वाजणारच.

आन सापडलेलं समदं ऑपरेटरला दावायचं नसतं. फौजेत सिग्नलमदी आमाला पयल्याच दिवशी शिकवलं, ज्येचं जेवढं काम, तेवढंच त्येच्या म्होरं ठिवायचं. तुमच्याकडं पयल्या आठवड्यात यंत्राला वॉचमनचा टीव्ही सापडला, तवा ऋषिराजनं घाबरून आर्धा दिस पंप बंद ठिवला हुता. इसरलीस व्हय? म्हणून तुमच्या भिंतीवर फकस्त यादीतलंच दिसतंय.

कोंडीबाचं काय बोलू? तहानलेल्या मुलखातला मानूस. पान्याम्होरं हात किती आवरंल, त्येचं त्येलाच ठावं. मोठ्यांच्या भानगडीत तू पडू नगं. तुज्या आईला, शालूला म्हणावं, फणसाचं लोणचं घालून ठिवलंय.

तुजा,
नानामामा


कुंडल,
३ फेब्रुवारी

नानामामा,

पाया पडते. तुम्ही सांगितलंत म्हणून मी प्रिंटरची वायर उपटली. सत्तेचाळीस. राऊटर बदलून बघितला. सत्तेचाळीस. भोंगा खोलून टेबलावर ठेवला आणि तासभर मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या, तरी सत्तेचाळीस. हे सहा माझ्या खोलीतले नाहीत, मामा. बाहेर कुठंतरी आहेत.

आधी माझा संशय ऋषिराजवर गेला. भोंगा वाजला की त्याचा हात पहिला बटणावर जातो, कधी कधी तर वाजायच्या आधीच खुर्चीत सरसावून बसतो. त्याच्या चुलत्याचा ऊस पाइपाच्या कडेलाच आहे. चार दिवस मी त्याच्याशी सरळ बोललेसुद्धा नाही. त्यानं डबा पुढं केला तर म्हटलं, भूक नाही. मग गेल्या शनिवारी तो बहिणीकडं माधवनगरला गेला होता, मी एकटीच होते, आणि साडेसहाला भोंगा ठरल्यासारखा वाजला. त्याचा चुलता त्या वेळी माझ्यासमोर बाकावर बसून चहा पीत होता. म्हणजे तो नाही. आता त्याच्याकडं बघायची मला लाज वाटते.

मग मॅनेजर? की खरंच कोंडीबा? काल तो दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, ताई, भिंतीवर माझं काय दिसतंय का? मी म्हटलं, काही दिसत नाही. तर म्हणाला, न्हाई दिसत त्येचंच भ्या वाटतंय.

तुम्हीच लिहिलंत की यंत्र आपण होऊन शोधतं आणि सापडलेलं आम्हाला दाखवत नाही. मग ती सापडलेली यादी कुठंतरी असणारच. कुठं उघडते एवढंच सांगा. तुम्ही बसवलंय म्हटल्यावर तुम्हाला ठाऊक असणार.

सभा ९ मार्चला ठरली.

शिवांजली


मेढा,
१० फेब्रुवारी

शिवे,

मला ताप हाय, जास्ती लिवत न्हाई. यादी कंपनीकडं असती. माज्याकडं न्हाई. त्येच्यात तू हात घालू नगं, एक खूण हिकडची तिकडं झाली तर समदी यंत्रणा बसंल आन तुजी नोकरी जाईल. तुला कायम व्हायला अजून चार म्हैने हायत.

आमच्या दाजींची, तुज्या आबांची तब्येत बरी न्हवं? ऊस कसा हाय? वरच्या तुकड्याला पानी बसतंय का?

नानामामा


कुंडल,
१४ फेब्रुवारी

नानामामा,

तुमचा ताप उतरला असेल अशी आशा करते. मी थोडी घाईत आहे, बरंच लिहायचंय.

मॅनेजर परवा मला आणि ऋषिराजला बरोबर घेऊन कोंडीबाच्या खोलीवर गेला, अचानक धाड घालायची म्हणून. खोलीमागं मेंढ्यांचा हौद आहे. त्या हौदाच्या नळावर आपलं एक जुनं मीटर बसवलेलं. मॅनेजरचा चेहरा असा खुलला की जणू त्याला लॉटरी लागली. तिथल्या तिथं कोंडीबाला कामावरून थांबवलं आणि व्हॉल्व्हच्या चाव्या काढून घेतल्या.

कोंडीबा ओरडला नाही, रडला नाही. मला म्हणाला, ताई, तुमी तरी बघा. रंगुबाईनं मला भिंतीजवळ नेलं. भिंतीवर कोळशानं रोजचे आकडे लिहिलेले, दिवाळीपासून आजपर्यंत. एक दिवस चुकलेला नाही. तिनं सांगितलं ते असं: दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर नवी मीटर आली तेव्हा जुनी सहा काढून भंगारात टाकली, कारण त्यांच्या काचेत वाफ धरायची आणि आकडे दिसायचे नाहीत. त्यातलं एक यानं उचललं. मेंढ्यांना संस्थेचं पाणी पाजतो तर निदान किती ते आपल्याला माहीत असावं, उद्या कुणी विचारलं तर तोंड दाखवता यावं. दुपारच्या उन्हात काच निवळते, तेव्हा ती जाऊन आकडा बघते आणि लिहिते. दिवसाला तीन-चार हंडे, बस. एवढ्या पाण्यानं बावीस शेतं कोरडी पडत नाहीत, मामा. मॅनेजरला भिंत दाखवली तर तो म्हणाला, कोळसा यांचा, भिंत यांची आणि हातही यांचाच.

पण मला त्या मीटरच्या डोक्यावरची सौरपट्टी दिसली. बोटभर लांब. तिच्यावर मीटर जिवंत राहतं. जिवंत आहे म्हणजे बोलतं, बोलतं म्हणजे यंत्राला सापडतं. जुनी मीटर किती काढली? सहा. आणि भिंतीवर नसलेले दिवे किती? तेही सहा.

तिथून सरळ भंगाराच्या खोलीत गेले. खिडकीखाली पोत्यात चार मीटरं पडलीत, तोंड उन्हाकडं. ती तिथं पडल्या पडल्या आपलं शून्य-शून्य सांगत असणार. एक कोंडीबाच्या हौदावर. पाच झाली.

सहावं कुठं गेलं? जुनी काढताना तुम्ही हजर होता. आठवून लिहा. यंत्राकडं कोंडीबाच्या हौदाचा रोजचा हिशोब दिवाळीपासून पडून आहे, तो नुसता सगळ्यांना दिसला तरी माणूस सुटेल. आणि सहावं मीटर सापडलं की चोरही सापडेल. ९ तारखेला तेवीस दिवस उरलेत.

शिवांजली


मेढा,
२४ फेब्रुवारी

चि. शिवांजली,

पत्र मिळालं. जुनी मीटरं काढली तवा एक नदीत पडलं. पंपाच्या विहिरीच्या, जॅकवेलच्या कठड्यावर ठिवलं हुतं, कुणाचा तरी धक्का लागला आन गेलं. त्येचा शोध घिऊ नगं.

कोंडीबाचं वाईट वाटलं. त्येला म्हणावं, माज्याकडं मेढ्याला ये, एका बागेत राखणीचं काम बघून दितो.

नानामामा


कुंडल,
२८ फेब्रुवारी

श्री. नानासो यांस,

नदीच्या तळाला पडलेलं मीटर रोज सकाळी साडेसहाला कसं बोलतं, ते मला कळलं नाही.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला होता. संस्थेच्या फोनवरून नाही, पोस्टातून. स्वप्नाली नावाच्या मुलीनं उचलला. तिनं सांगितलं की यंत्रणेत एक चौकोन असतो, आपोआप सापडलेली ठिकाणं ऑपरेटरला दाखवायची की नाही, असा. त्यात बरोबरची खूण असली की आम्हाला सगळं दिसतं, नसली की फक्त यादीतलं. नवी यंत्रणा बसते तेव्हा खूण असतेच. आमच्याकडची खूण कुणीतरी काढली. कुणी आणि कधी, तेही यंत्र लिहून ठेवतं. मी विचारलं, तिनं वाचून दाखवलं. ३ नोव्हेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. नाव तुमचं.

वॉचमनचा टीव्ही सापडला तो ऑक्टोबरात. तेव्हा तुम्ही खूण काढली नव्हती. तुम्ही टीव्हीवर ढकललंत.

तीन नोव्हेंबर म्हणजे भाऊबीज. तुम्ही आमच्याकडं होता. आईनं बेसनाचे लाडू केले होते, तिनं तुम्हाला ओवाळलं, तुम्ही ताटात पैठणीच्या काठाची साडी घातलीत. जेवण झाल्यावर तुम्ही सोप्यात लॅपटॉप उघडून बसला होता. मी पाणी घेऊन आले तेव्हा तुम्ही तो मिटलात. मला वाटलं, मामा मामीशी बोलत असतील.

स्वप्नालीनं आणखी एक सांगितलं. साडेसहाला बोलणारं मीटर, मीटरांचा सिग्नल पकडणारे खांब आहेत ना, त्यातल्या तीन नंबरच्या खांबाच्या टप्प्यात आहे. तीन नंबरच्या खांबाजवळ चार शेतं. त्यातलं एक आमचं.

काल मी उसात शिरले. आबा बाजारला गेले होते. वरच्या तुकड्याच्या बांधाला, मुख्य पाइपाला भोक पाडून घेतलेली नळी आहे आणि तिच्यावर ते मीटर. खताचं पोतं टाकून झाकलंय, पण पोतं डोक्यावरून घसरलंय आणि सौरपट्टी उघडी आहे. काच पुसली तर आकडा फिरलेला, किती ते मी लिहीत नाही. आबांना वाटलं असणार, काच गेलेलं मीटर म्हणजे मेलेलं मीटर. ते मीटर आणि व्हॉल्व्ह एकाच अंगात असतात, आणि व्हॉल्व्ह चांगला पितळी. आबांना चांगली वस्तू भंगारात बघवत नाही, तुम्हाला माहीत आहे. सायकलची जुनी चेनसुद्धा त्यांनी गोठ्याच्या दाराला लावलीय.

आणि हेच आबा रोज ताटावर बसून कोंडीबाच्या मेंढ्यांचं नाव घेतात. मी ताट अर्धं ठेवून उठते. आई विचारते काय झालं, मी म्हणते पित्त झालंय.

मी महिनाभर ऋषिराजवर संशय घेतला, मॅनेजरवर घेतला, कोंडीबावरसुद्धा घेतला. तुमच्यावर एकदाही घेतला नाही. घरच्यांवर संशय घ्यायचं माझ्या मनातच आलं नाही, आणि तुम्ही त्याचाच फायदा घेतलात. तो चौकोन फक्त तुमच्या पासवर्डनं उघडतो. सभा ९ तारखेला आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी काय करायचं तेही मला सुचत नाही, एवढं मात्र खरं.

शिवांजली जोतीराम


मेढा,
५ मार्च

शिवे,

पोस्टानं वेळेत पोचायचं न्हाई, म्हणून सातारा-सांगली गाडीच्या वळखीच्या कंडक्टरच्या हातानं धाडतोय.

तू लिवलंस ते समदं खरं हाय. आता माज्याकडनं ऐक.

भाऊबीजेला तुमच्याकडं जेवलो. म्हटलं, चार दिस दिवाळीची सुट्टी, ऑफिस बंद, यंत्र नीट चालतंय का बघावं. लॅपटॉप उघडला तर एक नवं ठिकाण सापडलेलं. जुनं मीटर, तीन नंबरचा खांब, पानी चालू. मी तसाच उठलो आन पाय मोकळे करायला जातो म्हणून उसात गेलो. दाजी तितंच हुते. हातात पाना. मला बघून दचकले न्हाईत, हसले. म्हनले, नानासो, व्हॉल्व्ह कसला पितळी हाय बघा, भंगारात टाकत हुते येडे. वरच्या तुकड्याला पाळीचं पानी चढत न्हाई, म्हणून थोडं घितो.

फौजेत बावीस वरसं काढली, कुणाच्या बापाला भ्यालो न्हाई, आन दाजींम्होरं माजं तोंड उघडंना. परत सोप्यात आलो. शालू आत भांडी घासत हुती आन गाणं म्हणत हुती. तिच्या लग्नात मी नववीत हुतो. बापानं घर इकून तिचं लगीन केलं. त्या घरावर गावानं बोट दावलं तर ती कुठं जाईल, एवढंच डोक्यात आलं. त्या चौकोनातली खूण मी काढली. ताटात साडी घातली ती दिसायची ओवाळणी, आन ही न दिसायची.

मला वाटलं, एकच मीटर हाय, थोडं पानी, कुणाला कळतंय. पर खूण काढली तवा फकस्त दाजी झाकले गेले न्हाईत. कोंडीबाचा हौदबी झाकला गेला. त्येचा समदा खरेपणा माज्या त्या एका खुणंखाली गेला. हे मला तुजं कोळशाच्या आकड्यांचं पत्र वाचून कळलं. त्येच्या आदी मी त्येला तहानलेल्या मुलखाचा म्हनलो. ते पत्र तुज्याकडं असंल तर फाडून टाक. न्हाई, फाडू नगं. असू दे.

ताप न्हवता मला. नदीत काय पडलं न्हवतं.

या ओळीच्या खाली खोडलेलं हाय, ते तुला वाचता येईल. तितं लिवलं हुतं की सभा हुईपत्तूर थांब, मी येऊन दाजींना समजावतो आन नळी काढून टाकतो. लिवलं आन खोडलं. नळी काढली तरी कोंडीबा सुटत न्हाई.

पासवर्ड कागदाच्या खालच्या टोकाला लिवलाय. कुणाच्या हातात द्यायचा ते तू ठरव. मला यायचं तोंड न्हाई.

नानासो


कुंडल,
१८ मार्च

मामा,

पाया पडते.

तुमचं पत्र ७ तारखेला दुपारी हातात पडलं. कंडक्टरनं चहासुद्धा घेतला नाही, म्हणाला, साहेबांनी सांगितलंय की हातातच द्या. खोडलेलं वाचता आलं. रात्रभर विचार केला वगैरे म्हणणार नाही, कारण मी तेव्हाच कात्रीनं पासवर्डचा तुकडा कापून वेगळा केला होता. वरचं पत्र माझ्याकडं आहे. ते मी कुणालाही दाखवलेलं नाही.

८ तारखेला सकाळी आबांना म्हटलं, चला, मी काम करते ती जागा तरी बघा. इतक्या दिवसांत एकदाही आला नाहीत. आबा खुश झाले, फेटा बांधून गाडीवर मागं बसले. पंपाजवळच्या टपरीवर चहा घेतला, तिथं बाकावर बसलेल्यांशी ते कोंडीबाबद्दलच बोलत होते.

कंट्रोल रूममध्ये मॅनेजर आणि ऋषिराज होते. मी तुकडा मॅनेजरच्या हातात दिला आणि चौकोन कुठं आहे ते सांगितलं. त्यानं खूण घातली. भिंत क्षणभर काळी झाली आणि परत उजळली. एक्केचाळीसच्या खाली सहा नवे दिवे. चार राखाडी, म्हणजे भंगारातले. एक हिरवा, खांब सात, कोंडीबाचा हौद, आणि त्याच्यासमोर दिवाळीपासूनचे रोजचे आकडे. ऋषिराजनं मोबाईल काढून रंगुबाईच्या भिंतीचा फोटो बाजूला धरला. त्यानं तो त्याच दिवशी काढून ठेवला होता, मला न सांगता. एकही आकडा चुकला नाही.

सहावा दिवा लाल होता. खांब तीन.

आबा भिंतीजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. मग हळूच विचारलं,

"हे कुणाकुणाला दिसतंय?"

"आता सगळ्यांना."

"आन काल?"

"काल फक्त मामाला."

ते खुर्चीवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. मॅनेजरला अजून काही कळलं नव्हतं, तो म्हणत होता, तीन नंबरला कोण आहे, आत्ता माणूस पाठवतो. आबा म्हणाले, कुणाला धाडू नका, माजंच हाय ते.

दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी उभं राहून तेच सांगितलं. मी वाट बघत होते की ते काहीतरी सबब सांगतील, वरचा तुकडा, चढ, पाळी. सांगितली नाही. फक्त कोंडीबाकडं बघायचं त्यांना जमलं नाही, भिंतीकडं बघून बोलले. आमची पाळी दोन हंगाम बंद केलीय. वरचा तुकडा या साली जाणार. कोंडीबाला चाव्या परत मिळाल्या. मॅनेजरनं त्या त्याच्या हातात देताना चूक झाली असं म्हटलं नाही, पण कोंडीबानंही त्याची वाट बघितली नाही. तो सरळ माझ्याकडं आला आणि म्हणाला, ताई, आमचा हौद आता भिंतीवरच ठेवा, यादीत घाला, नाव लिहा. मी बेचाळिसावा दिवा त्याच्या नावानं लिहिला. रंगुबाई अजून कोळशानं आकडे लिहितेच. म्हणते, यंत्राचा काय भरवसा, उद्या कुणी परत खूण काढली तर.

मी ऋषिराजची माफी मागितली. तो म्हणाला, मलापण महिनाभर तुझाच संशय होता. म्हणून तो भोंग्याआधी खुर्चीत सरसावून बसायचा, मी काय करते ते बघायला.

आता आईचं. मी तिला सगळं सांगितलं, भाऊबीजेचंसुद्धा. तिनं ती साडी पेटीतून काढली, बराच वेळ हात फिरवला आणि परत ठेवली. मग म्हणाली, नान्याला लिही, यंदा भाऊबीजेला ये म्हणावं, मी ओवाळीन. पण ताटात घालशील ते माझ्या डोळ्यांसमोर घाल. दुसरं काही घालू नकोस.

तर या. फणसाचं लोणचं घेऊन या.

आबा माझ्याशी बोलत नाहीत. दहा दिवस झाले. संध्याकाळी मी घरी आले की ते परड्यात असतात, आणि आई मला विचारते, आज आपला दिवा कसला होता गं? ती त्यांच्या वतीनंच विचारते, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. ती नळी बंद करून सील केलीय, मीटर संस्थेनं तिथंच ठेवलंय, यादीत घेऊन. पाणी बंद असेल तर हिरवा आणि सुरू झालं तर लाल. मी सांगते, हिरवा होता. परड्यातली खुरप्याची कुरकुर तेवढी थांबते आणि परत सुरू होते.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. सकाळी कामावर आले की मी खुर्चीशी जाते आणि सगळ्यांत आधी आबांचा दिवा बघते. कोंडीबाचा नंतर, बाकीचे नंतर. साडेसहा वाजेपर्यंत माझी नजर तिथून हलत नाही. रोज हिरवाच असतो. तरी बघते.

तुमची,
शिवांजली